लघवीचा रकाना

गोंदियातल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या आठवड्यात आजारी माणसाला फारशी किंमत नव्हती. गुरुवारी बाहेरगावची समिती येणार होती. समितीला सगळं चकाचक दिसलं तर दवाखान्याला दर्जाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. ते कुठं टांगायचं याची ट्रस्टच्या अध्यक्षांना एवढी घाई, की त्यांनी भिंतीत खिळासुद्धा आधीच ठोकून घेतला होता. अध्यक्ष मूळचे राईस मिलवाले. तांदूळ पॉलिश केला की तो चढ्या भावानं जातो हे त्यांना ठाऊक होतं, आणि दवाखान्याचंही तसंच असतं अशी त्यांची खात्री होती.

नवजात बाळांच्या कक्षात तर गेले पंधरा दिवस लगीनघाई चालली होती. पडदे नवे, कुंड्या नव्या, कचऱ्याचे डबे तीन रंगांचे. कक्षाचे प्रमुख डॉक्टर भुपेंद्र यांनी दाराजवळच्या भिंतीवर हा एवढा मोठा फ्लेक्स लावून घेतला होता. वर ठळक अक्षरांत ‘नवजात बाळाच्या किडनीला इजा : धोके जाणा, वेळीच ओळखा’ आणि खाली कोपऱ्यात हाताची घडी घातलेले स्वतः डॉक्टर भुपेंद्र. फ्लेक्सवर लिहिलेलं एकूण एक बरोबर होतं. उशिरा रडलेलं बाळ, कमी वजनाचं बाळ, जंतुसंसर्ग, किडनीला जड जाणारी इंजेक्शनं, गरोदरपणी आईनं खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या. सगळ्यात खाली लाल चौकोनात : ‘लघवी मोजा’. हे वाचून कोणी लघवी मोजायला लागला असता तर गोष्ट वेगळी. पण तो फ्लेक्स समितीनं वाचावा म्हणून लावला होता, आणि समिती यायला अजून वेळ होता.

दुर्गेश्वरी बिसेनला त्या फ्लेक्सकडे पाहिलं की ओकारी यायची. दुर्गेश्वरी तिथली सगळ्यात जुनी सिस्टर. माहेर दवनीवाड्याचं, नोकरीला एकोणीस वर्षं झालेली, आणि जिभेला हाड नाही अशी साऱ्या दवाखान्यात ख्याती. डॉक्टर भुपेंद्रांना ती पाठीमागे ‘फोटोवाले’ म्हणायची. इन्चार्ज रेणू सिस्टर तिच्याहून सात वर्षांनी लहान, पण सुंदर अक्षर आणि गोड बोलणं यांच्या जोरावर तिच्या डोक्यावर येऊन बसलेली. तिला दुर्गेश्वरी तोंडावरच म्हणायची, “रेणू, तुझं अक्षर एवढं चांगलं आहे, तू लग्नपत्रिका लिहीत जा ना.” रेणू हसायची आणि दुर्गेश्वरीला पुढच्या महिन्यात रविवारची ड्यूटी लावायची. नवीन आलेला डॉक्टर हिमांशू नाशिककडचा. हुशार, पण वरच्या माणसानं डोळे वटारले की मान डोलावणारा. त्याची ती ‘पुस्तकवाले’ म्हणून संभावना करायची.

थोडक्यात, दुर्गेश्वरीच्या लेखी त्या कक्षात काम समजणारी बाई एकच होती. ती कोण, हे सांगायला नको.

सोमवारी सकाळी दरेकश्याकडची एक बाई बाळंत झाली. चमेली नाव. डोंगरातल्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या पाड्यावरची, वय वीस-एकवीस, पहिलीच खेप. तिचा नवरा लखन जंगलात मजुरी करायचा. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी निघालं, म्हणून ‘गोंदियाले जा’ असं सांगितलं गेलं, आणि ती दोघं रेल्वेनं आली ती स्टेशनातून सरळ इथंच. मुलगा झाला. झाला तो निळा, गप्प. हिमांशूनं फुगा लावून श्वास दिला तेव्हा कुठे तीन मिनिटांनी पोर रडलं. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. जंतुसंसर्ग असेल या संशयानं दोन इंजेक्शनं सुरू झाली. त्यातलं एक किडनीला जड. चालतं ते, देतातही, पण देताना लघवीवर डोळा ठेवावा लागतो. केसपेपरवर ‘आईने घेतलेली औषधे’ अशी ओळ होती, तिच्यापुढे कोणीतरी ‘लोहाच्या गोळ्या’ लिहून मोकळं झालं होतं. चमेलीला कोणी विचारलं नव्हतं. गरोदर बाई म्हटली की लोहाच्या गोळ्या, त्यात विचारायचं काय?

मंगळवारी सकाळी दुर्गेश्वरी फायलींना लेबलं डकवत बसली होती. एकोणीस वर्षांची सिस्टर, आणि काम काय, तर डिंकाची बाटली घेऊन लेबलं डकवणं. डोकं तापलेलं होतंच. त्यात काचेच्या दारातून लखननं मान आत घातली.

“बाई,” तो म्हणाला, “पोरगा मुतला नाई.”

कक्षातले लंगोट त्या आठवड्यात कमी पडले होते, कारण नवे गठ्ठे समितीला दाखवायला कपाटात रचून ठेवले होते. म्हणून चमेली घरून आणलेली जुन्या लुगड्याची फडकी वापरत होती, आणि ती मागच्या नळावर नेऊन धुवायचं काम लखनकडे आलं होतं.

“कोन सांगतलं तुले?” दुर्गेश्वरीनं मान वर न करता विचारलं.

“फडके मीच धुऊन राहिलो ना जी. कालपासून दोन फडके कारे आले, शी केलता म्हनून. ओला एकबी नाई.”

“एक दिवसाचं पोर हाये ते. एकेकाले चोवीस तास लागतात. तुले जास्त समजते का मले?”

“तसं नाई बाई, पन—”

“पन-बिन नाई. अठी कायले आत घुसून राहिला तू? पोराले पाहाचं काम आमचं हाये. जा, तिकडं बस.”

लखन गेला. दोन वाजता दुर्गेश्वरीची ड्यूटी संपली. तिनं नोंदवही ओढली, आपल्या पाळीच्या ओळीत सगळे रकाने भरले, सही ठोकली आणि स्कूटी काढून घरी गेली.

बुधवारी सकाळी आल्याबरोबर बाळांची वजनं करायची होती. चमेलीचं पोर तिनं काट्यावर ठेवलं आणि आकडा पाहून पुन्हा उचलून पुन्हा ठेवलं. दोन किलो दोनशे तीस. वहीत पाहिलं, तर मंगळवारी संध्याकाळचं वजनही वाढलेलंच होतं, आणि त्याच्यासमोर रेणूच्या टपोऱ्या अक्षरात हिरव्या शाईनं शेरा : ‘वजनवाढ उत्तम.’

“उत्तम!” दुर्गेश्वरी एकटीच म्हणाली. जन्मलेलं पोर पहिल्या तीन-चार दिवसांत वजनानं उतरतं. मग चढतं. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला विचारा, ती झोपेत सांगेल. या पोरानं अजून पाच-दहा चमचेही दूध प्यालेलं नाही, मग त्याचं वजन चढलं कशानं? हवा खाऊन?

तिनं पोराला उजेडात धरलं. पापण्या सुजलेल्या. नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि भरून यायला तयार नाही. फडकं उघडलं. फडकं कोरडं ठक्क. शिरेतून सलाईन आत चाललं होतं आणि बाहेर काहीच येत नव्हतं.

वहीत लघवीच्या रकान्यात मात्र नदी वाहत होती. सोमवार दुपार, पाच वेळा. सोमवार रात्र, सहा वेळा. मंगळवार, पाच वेळा. पुन्हा सहा. दुर्गेश्वरीनं पान उलटलं. शेजारच्या बाळालाही पाच, सहा, पाच, सहा. त्याच्या पलीकडच्यालाही. कक्षातली साती बाळं जणू एकाच घड्याळाला बांधून लघवी करत होती. कोणी काही पाहिलं नव्हतं, कोणी काही मोजलं नव्हतं. रकाना रिकामा दिसू नये म्हणून वरचा आकडा खाली उतरवला जात होता, आणि खालचा त्याच्या खाली.

“भामट्या साऱ्या,” ती पुटपुटली. कोणी कोणी हे थोतांड लिहिलंय ते पाहावं, एकेकीच्या झिंज्या धराव्यात, म्हणून तिनं सह्यांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. मंगळवार, सकाळी आठ ते दोन. लघवी पाच वेळा. सही : दु. बिसेन.

बोट तिथंच राहिलं.

तिला ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. हेच वाईट होतं. ठरवून खोटं लिहिलं असतं तर निदान आठवलं असतं. तिची नजर काचेबाहेर गेली. लखन व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. शेजारी वाळलेल्या फडक्यांची घडी.

तिनं लाल पेन काढला. आधी स्वतःची ओळ खोडली, वर लिहिलं, ‘खोटे. पाहिले नाही.’ मग बाळाच्या सगळ्या पाळ्यांवरून तिरकी रेघ ओढली आणि लिहिलं, ‘जन्मल्यापासून लघवी नाही. बुधवार, सकाळी ८.२०.’ आणि हिमांशूला हाक मारली.

हिमांशू समितीपुढे दाखवायच्या चित्रांचा लॅपटॉप घेऊन बसला होता. तो आला, त्यानं पोर पाहिलं, आणि पुस्तकवाल्यांची जशी सवय असते तसा कागदाकडे धावला.

“सिस्टर, पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे. हा बघा रिपोर्ट. शून्य पूर्णांक नऊ.”

“कधीचा आहे?”

“सोमवारचा.”

“सर, किडनीनं रक्तातला जो कचरा बाहेर टाकायचा, तो साचलाय का, ते हा आकडा सांगतो. बरोबर?”

“हो, बरोबर.”

“मग पोटात असताना पोराचा कचरा कोण बाहेर टाकत होतं? आई. पहिल्या दिवशी पोराच्या रक्तात जो आकडा येतो तो आईचा असतो. नाळेतून आलेला. आईची किडनी बरी आहे म्हणून तुम्ही पोराची बरी म्हणताय. पुढं दिवसागणिक तो आकडा उतरला, तर पोराची किडनी कामाला लागली म्हणायचं. तुम्ही पुन्हा तपासलं का?”

हिमांशूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे त्यालाही ठाऊक होतं. परीक्षेत त्यानं हेच उत्तर लिहून मार्क घेतले होते. तो सुई घेऊन आला. तासाभरात नवा रिपोर्ट आला : दोन पूर्णांक चार. उतरायच्या ऐवजी जवळजवळ तिप्पट.

हिमांशूनं ते जड इंजेक्शन तिथल्या तिथे बंद केलं आणि दुसरं सुरू केलं. बारीक नळी घालून पाहिली. मूत्राशय रिकामं. वाटेत कुठे अडलेलं नव्हतं, मुळात तयारच होत नव्हतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या जागच्या जागी होत्या. नागपूरला त्याच्या ओळखीचे एक बालकिडनीतज्ज्ञ होते. त्यांना त्यानं फोन लावला, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : “आईनं काय काय घेतलं होतं?”

“लोहाच्या गोळ्या,” हिमांशू केसपेपर वाचून म्हणाला.

“ते तू वाचून सांगतोयस. आईला जाऊन विचार.”

विचारायला दुर्गेश्वरी गेली. चमेली व्हरांड्याच्या टोकाला बाकावर पाय वर घेऊन बसली होती. लखन उठून उभा राहिला.

“पोराची लघवी बंद हाये,” दुर्गेश्वरी म्हणाली.

“मालूम हाये,” लखन म्हणाला. “म्या मंगरवारी सकारीच सांगतलो होतो बाई. तुमालेच सांगतलो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर दुर्गेश्वरीला बरं झालं असतं. रागाला उलटून बोलायला तिचं तोंड पुरेसं होतं. एक अख्खा दिवस गेला होता. त्या दिवसात ते इंजेक्शन आणखी दोनदा पोराच्या शिरेत गेलं होतं, त्यातलं एक तिच्याच हातानं.

“हव,” ती म्हणाली. “मलेच सांगतला होता.” आणि बाकावर चमेलीच्या शेजारी बसली. एकोणीस वर्षांत ती त्या बाकावर पहिल्यांदा बसली असेल. “चमेली, खरं खरं सांग बाई. पोटुशी असताना काही गोळ्या खाल्ल्या का? कोनत्याबी. मी रागावत नाही.”

चमेलीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग लुगड्याच्या पदराची गाठ सोडली. आत एक चुरगळलेली पट्टी होती, चार खाचे फुटलेले आणि दोन पिवळ्या गोळ्या शिल्लक. तेंदूच्या हंगामात बिडीची पानं तोडायची, पुडे बांधायचे, डोक्यावर गठ्ठा घेऊन डोंगर उतरायचा. सातव्या-आठव्या महिन्यात कंबर मोडून यायची. बाजारात एक माणूस सतरंजी पसरून बसतो, त्याच्याकडे दुखण्याची गोळी मिळते. रोज एक. जास्तच दुखलं तर दोन.

“मना कोनी केलं नाई,” चमेली म्हणाली. “कोनी पुसलंबी नाई.”

दुर्गेश्वरीनं पट्टी हातात घेतली. या जातीच्या गोळ्या आईनं शेवटच्या महिन्यांत सतत खाल्ल्या तर पोटातल्या पोराची किडनी आखडते. पोटातलं पोर लघवी कमी करतं, आणि बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बहुतेक त्याची लघवीच. म्हणून पाणी कमी निघालं. सोनोग्राफीनं ओरडून सांगितलं होतं. त्यात पोर उशिरा रडलं. त्यावर ते इंजेक्शन. एकावर एक, एकावर एक. आणि दाराशी फ्लेक्सवर हे सगळं छापलेलं, ओळीनं, डॉक्टरांच्या फोटोसकट.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं : पोराला पाणी मोजून द्या, जेवढं घामावाटे-श्वासावाटे जातं तेवढंच. पोटॅशियम सहा-सहा तासांनी तपासा, किडनी बंद असली की ते चढतं आणि हृदय थांबवतं. साडेसहाच्या वर गेलं की एक मिनिट थांबू नका, गाडी काढा, इथं पोटातून डायलिसिस करू. आणि लघवीचा थेंब न् थेंब तोला.

तोलायचं कशावर? बाळाचा काटा दहा ग्रॅमच्या खालचं दाखवत नव्हता. हिमांशूनं बाजारात जाऊन किराणावाले वेलची-केशर तोलायला ठेवतात तसला एक छोटा काटा आणला. समितीसाठी रचलेल्या गठ्ठ्यांतला एक दुर्गेश्वरीनं फोडला. कोरडा लंगोट अठरा ग्रॅम. वापरलेला जितका जास्त भरेल तितकी लघवी. हातमोज्यांच्या खोक्याचं पुठ्ठं फाडून तिनं पाळण्याला टांगलं आणि त्यावर पहिली ओळ लिहिली : अठरा. दुसरी ओळ : अठरा.

दुपारी डॉक्टर भुपेंद्र रंगीत तालीम घ्यायला आले. रेणूनं त्यांना आधी वही दाखवली. बाळ नंतर.

“हे लाल काय आहे?”

“लघवी नाही सर त्याला,” दुर्गेश्वरी म्हणाली. “सोमवारपासून. वहीत आपण पाच-सहा वेळा लिहून राहिलो.”

“ते मला हिमांशूनं सांगितलं. उपचार चाललेत ना? ठीक आहे. मी वहीबद्दल विचारतोय. उद्या समिती आहे. ही अधिकृत वही आहे, शाळेची पाटी नाही. हे पान बदला.”

“पानांवर नंबर छापलेत सर.”

“मग वही बदला.”

आणि वही बदलली! रेणू सिस्टर तीन शिकाऊ पोरी घेऊन बसली आणि महिन्याची अख्खी वही नव्यानं उतरवून काढली. हिरव्या शाईचे शेरे हिरव्या शाईत, निळं निळ्यात. कक्षात सात बाळं, त्यातल्या एकाची किडनी बंद, आणि चार बाया अक्षर वळवत बसलेल्या. दुर्गेश्वरीच्या सहीची वेळ आली तेव्हा तिनं पेन हातात घेतला नाही, तर रेणूनं तिची सहीसुद्धा स्वतःच केली. खऱ्या सहीपेक्षा छान आली. जुनी वही रद्दीच्या पोत्यात गेली. संध्याकाळी दुर्गेश्वरीनं ती पोत्यातून काढून आपल्या लॉकरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं.

त्या दिवशी ती दोन वाजता घरी गेली नाही. पोटॅशियम पाच पूर्णांक आठ होतं. मग सहा. मग सहा पूर्णांक एक. हिमांशूनं रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला दाराशीच बसवून ठेवलं. एरवी भुपेंद्रांपुढे ‘हो सर’शिवाय शब्द न काढणारा तो, त्यानं त्यांना फोनवर सांगितलं, “सर, साडेसहा झालं तर मी विचारायला थांबणार नाही. निघेन.” फोन ठेवून तो पुढच्या तपासणीचं रक्त काढायला वळला. दुर्गेश्वरीनं पहिल्यांदाच काही लागट न बोलता त्याला पोराचा पाय धरून दिला.

गुरुवारी समिती आली. दोन पुरुष, एक बाई, तिघांच्या गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी डब्यांचे रंग पाहिले. हात धुवायच्या नळाजवळ हात धुण्याचं चित्र लावलंय का ते पाहिलं. फ्लेक्ससमोर उभं राहून एकानं फोटो काढला, आणि डॉक्टर भुपेंद्रांनी तिथंही हाताची घडी घातली. नोंदवही चाळून बाई-सदस्य म्हणाल्या, “एकही रकाना रिकामा नाही. असं रेकॉर्ड आम्ही क्वचित पाहतो.” रेणू लाजली.

मग त्या चमेलीच्या पोराजवळ आल्या.

“हे पुठ्ठं कशाला लटकवलंय?”

“लघवी लिहितो त्याच्यावर,” दुर्गेश्वरी म्हणाली. “तोलून.”

“वहीत नोंद आहे ना? मग हे काढा. पुठ्ठ्यावर जंतू बसतात. शिवाय दिसतं कसं ते!”

पुठ्ठ्यावर तोवर नऊ ओळी झाल्या होत्या. अठरा, अठरा, अठरा… शेवटच्या दोन : एकोणीस, बावीस. बाईंनी त्या वाचल्या नाहीत. समितीतल्या कुणीच वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर त्यांना कळलं असतं, की त्या क्षणी या दवाखान्यात पाहण्यासारखी एकच गोष्ट घडत होती, ती त्या चार ग्रॅमांत होती. हिमांशूनं पुठ्ठं काढलं आणि पाठीमागे धरलं. समितीची पाठ वळली तसं परत टांगलं. समिती पोहे खायला गेली. पोहे चांगले झाले असल्याचंही त्यांनी आवर्जून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी पोटॅशियम पाच पूर्णांक सात. लंगोट एकतीस ग्रॅम. दुपारी बेचाळीस. दुर्गेश्वरी तो ओला लंगोट तसाच हातात घेऊन व्हरांड्यात गेली आणि लखनच्या हातात ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला, मग चमेलीच्या हातात दिला. चमेलीनं तो नाकाशी नेला आणि ती रडायला लागली. शेजारच्या बाकावरच्या बायांना वाटलं, काहीतरी वाईट झालं.

क्रिएटिनिन पुढच्या सोमवारी एकवर आलं, बाराव्या दिवशी शून्य पूर्णांक सहा. सूज उतरली, आणि वजनही उतरलं, जसं मुळात उतरायला हवं होतं. रेणूनं त्याच्यासमोर कसलाच शेरा लिहिला नाही. दोघं पोराला घेऊन घरी निघाली तेव्हा दुर्गेश्वरीनं त्यांना समोर बसवून सांगितलं, की किडनी सावरली असली तरी हिशोब मिटला असं नाही. तीन महिन्यांनी रक्त, लघवी आणि बीपी तपासायचं, पुढेही वर्षातून एकदा, आणि अंगदुखीवर मनानं एकही गोळी नाही, त्याला नाही आणि आईलाही नाही. लखननं तारीख हातावर पेननं लिहून घेतली.

प्रमाणपत्र आलं. खिळा तयारच होता.

त्याच आठवड्यात दुर्गेश्वरीला मेमो आला. ‘वरिष्ठांच्या परवानगीशिवाय अधिकृत नोंदवहीत लाल शाईने मजकूर लिहून शिस्तभंग केल्याबद्दल आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये?’ तिनं तो दोनदा वाचला आणि कोऱ्या कागदावर उत्तर लिहिलं :

‘मंगळवारी सकाळी आठ ते दोन या वेळेत बाळाला पाच वेळा लघवी झाली असे मी लिहिले. एकदाही झाली नव्हती. बाळाच्या बापाने मला तसे सांगितले, तेव्हा मी त्याला हाकलले. एवढ्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. लाल शाईचे म्हणाल, तर समितीने पाहिलेल्या वहीत लाल शाई नाही. मी ज्या वहीत लिहिले ती वही आपण कोणती म्हणता ते कळवावे, म्हणजे ती मी हजर करते.’

अध्यक्षांनी ते वाचलं, डॉक्टर भुपेंद्रांनी वाचलं, रेणूनंही वाचलं असणार. तिघांपैकी कोणालाच ती वही हजर झालेली नको होती. मेमो टेबलाच्या खणात गेला आणि आजवर तिथंच आहे. दुर्गेश्वरीला अर्थातच पुढचे तीन महिने रविवारची ड्यूटी लागली.

तीन महिन्यांनी लखन आणि चमेली आले. पोर चांगलं गुबगुबीत झालेलं, अनोळखी माणूस दिसलं की ओठ काढणारं. बीपी ठीक. रिपोर्ट ठीक. हिमांशूनं स्वतः कागद समजावून सांगितला. सगळं झाल्यावरही लखन उठेना.

“काय जी? आनखी काय?” दुर्गेश्वरीनं विचारलं.

“तो गोळ्यावाला,” लखन म्हणाला. “म्या त्याच्याकडं गेलतो. म्हनलो, तुह्या गोळीनं माह्या पोराची लघवी बंद पडली. तो हासला. म्हनते, पोरगा जिता हाये ना? मंग?”

“मंग?”

“मंग काई नाई. आमच्या टोल्यावर चार बाया पोटुश्या हायेत. चारीबी त्याच गोळ्या खाऊन राहिल्या. म्या सांगतलो, तर त्याबी हासल्या. म्हनतात, लखन डाक्टर झाला.”

दुर्गेश्वरीच्या तोंडावर त्या बाजारवाल्यासाठी एक शिवी आली होती. टोल्यावरच्या त्या बायांच्या अकलेबद्दलही काहीतरी आलं होतं, तिनं ते गिळलं. तिनं भिंतीवरच्या ड्यूटीच्या तक्त्याकडे पाहिलं. आठवड्याची सुट्टी आता बुधवारी होती.

“बुधवारी येतो मी,” ती म्हणाली. “त्या चौघींले घरीच राहा म्हन. गाडी कधी हाये तिकडली?”

“सकारी हाये जी,” लखन म्हणाला. “पन लेट रायते.”